भाऊजींची सहा मिनिटं

साबणाच्या वडीवर शंभर ग्रॅम छापलेलं असलं, तरी आमचे भाऊजी ती आधी काट्यावर ठेवतात आणि मगच न्हाणीघरात नेतात. कमी भरली तर वैतागतात. बरोबर भरली तर जास्तच वैतागतात, कारण मग गडबड दुसरीकडे कुठेतरी असणार. मी त्यांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं आम्ही दोघं मिळून तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान चालवतो आहोत. बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणतात आणि मला काटेवाल्यांचा मेहुणा. मला ते आवडत नाही, पण मला कोणी विचारलेलं नाही.

आमच्या धंद्यात संशय हाच कामाचा अर्धा भाग. गिऱ्हाईक म्हणतं काटा जास्त दाखवतो, तेव्हा काटा बरोबर असतो आणि टेबल वाकडं असतं. गिऱ्हाईक म्हणतं सगळं ठीक आहे, फक्त पुसून द्या, तेव्हा त्यानेच आत काहीतरी करून ठेवलेलं असतं. म्हणून आमच्याकडे तपासणीची पितळी वजनं आहेत, मखमलीच्या पेटीत, सरकारी शिक्क्याची. त्यांना उघडा हात लावायचा नाही, हा दुकानातला पहिला नियम. घामाने पितळ काळवंडतं, आणि वजनावरच डाग पडला तर विश्वास ठेवायचा कशावर? मी पहिल्या आठवड्यात एक वजन चिमटीत उचललं होतं, तर भाऊजींनी स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या बोटांवर हाणली होती. नवा मेहुणा होतो तरी.

असा माणूस आजारी पडला की काय होणार ते सांगायला नको. पाय सुजले, पोटात पाणी झालं, डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलं आहे. कुठल्या तरी जुन्या काविळीचे जंतू रक्तात वर्षानुवर्षं गप्प बसून होते आणि त्यांनी आतून काम उरकलं होतं. भाऊजींनी एकाच दिवशी तीन ठिकाणी रक्त दिलं, तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून भिंगातून वाचले, आणि तिन्ही जुळले तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. पण गल्लीत लिव्हरचं नाव निघालं की लोक एकमेकांकडे बघतात, तसे बघायला लागले. खरं सांगायचं तर मीही एकदोनदा बघितलं.

लिव्हर बदलायचं ठरलं आणि त्यांचं नाव यादीत लागलं. तिथे कागदावर सही घेतात की दारूचा एक थेंब घेतला तर नाव कटलं. भाऊजींनी सही केली आणि लगेच विचारलं, "नंबर कसा लागतो?"

डॉक्टर म्हणाले, "ज्याची तब्येत जास्त बिघडलेली, त्याला आधी. रक्ताच्या तपासण्यांवरून गुण काढतो आम्ही."

भाऊजींनी यातलं पहिलं वाक्य घरी आणलं आणि दुसरं तिथेच ठेवून आले. घोटाळा तिथून सुरू झाला, पण हे मला फार नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात त्यांना व्यायामाच्या विभागात पाठवलं. तिथल्या बाईंना आम्ही घरात व्यायामवाली म्हणायचो. तरुण, बारीक, केस घट्ट बांधलेले, आणि बोलणं एकदम सरळ. तिच्याकडे तीन परीक्षा. लांब व्हरांड्यात दोन प्लॅस्टिकचे शंकू ठेवलेले, त्यांच्यामध्ये सहा मिनिटं येरझाऱ्या घालायच्या आणि किती मीटर झालं ते ती लिहिणार. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायचं. आणि एक यंत्र मुठीत दाबायचं, म्हणजे हातात जोर किती ते कळतं.

भाऊजींनी यंत्र उलटंपालटं केलं. "याची तपासणी शेवटची कधी झाली?"

तिने खालचा शिक्का दाखवला. भाऊजींनी तारीख वाचली आणि नाइलाजाने मूठ दाबली.

ती म्हणाली, "काका, रोज चालायला लागा. या आजारात माणूस आतून झिजतो, मांड्या उतरतात. ऑपरेशनच्या वेळी अंगात ताकद हवी. हातात हलकी वजनं घेऊन व्यायाम करा, पण एका हातात एक किलोच्या वर नाही. जड उचललंत तर अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटेल." मग तिने मनगटाला बांधायचं पावलं मोजायचं यंत्र दिलं.

बाहेर आल्यावर भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले, "एक म्हणतो जास्त आजारी तो पुढे. दुसरी म्हणते धडधाकट व्हा. काही लक्षात येतंय?"

"काय?"

"मला मागे ढकलायचा डाव आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी ते यंत्र बांधून अंगणात शंभर पावलं मोजून टाकली. यंत्राने एकशे चार दाखवली. "वरची चार कोणाची?" असं म्हणून त्यांनी ते काढलं आणि खिळ्याला टांगलं. ताईने दोनदा काढून हातात दिलं, दोनदा ते परत खिळ्यावर गेलं.

दवाखान्यात बाकावर आमच्यासारखे बरेच असायचे. त्यात एक शाळेतल्या मास्तरीणबाई होत्या. त्यांचा आणि भाऊजींचा रक्तगट एकच, अंगकाठीही जवळजवळ सारखी, भाऊजींचे गुण चोवीस आणि त्यांचे बावीस. म्हणजे त्या भाऊजींच्या मागे. बाकावरची माणसं एकमेकांचे गुण शाळेतल्या पोरांसारखे पाठ करून असतात. मास्तरीणबाई आपला नंबर यायच्या आधीच उठून व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या, नाकाच्या शेंड्यावर घाम यायचा तरी थांबायच्या नाहीत.

भाऊजी पुटपुटायचे, "बघ, कशी पुढेपुढे करते. व्यायामवालीला खूश ठेवलं की यादीत वर सरकवतील असं वाटतंय हिला."

पहिल्या वेळी भाऊजी सहा मिनिटांत तीनशे मीटर चालले होते. दुसऱ्या महिन्यात दोनशे चाळीस. तिसऱ्या महिन्यात एकशे नव्वद, तेही भिंत धरून, मध्ये दोनदा बसून. खुर्चीवरून तिसऱ्यांदा उठताना त्यांनी असा काही श्वास ओढला की मी त्यांना धरायला पुढे झालो. व्यायामवाली लिहिताना थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी खटकलं असावं. फाटकातून बाहेर पडल्यावर मी रिक्षा बघायला लागलो, तोवर भाऊजी रस्ता ओलांडून पलीकडे पोचले होते. मला वाटलं, रागाच्या भरात माणूस चालतो भराभरा.

त्याच सुमारास त्यांचं दुपारचं प्रकरण सुरू झालं. दुपारी दोनला दुकानात सामसूम असते. भाऊजी एक कापडी पिशवी घ्यायचे, "जरा जाऊन येतो" म्हणायचे आणि जायचे. कुठे ते सांगायचे नाहीत. चाळीस मिनिटांनी परत यायचे तेव्हा तोंड लालबुंद, सदरा पाठीला चिकटलेला, पाय किंचित लटपटणारे. आल्याआल्या नळावर जाऊन चूळ भरायचे. पिशवी टेबलाखाली सरकवताना आत काहीतरी एकमेकांवर आपटून खण्ण वाजायचं.

आता मला सांगा, दुसऱ्या कोणाला काय वाटलं असतं?

मी त्यांच्या जवळून जायचं निमित्त काढायला लागलो. वास यायचा तो घामाचा. पण आधी चूळ भरलेली असल्यावर वासाला काय अर्थ. एक दिवस ताईने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"तुला यांच्या तोंडाला कसला वास येतो का रे?"

"नाही. का?"

"सहज." मग ती वळली आणि भांडी घासत म्हणाली, "सहज म्हणाले मी, तू लगेच तोंड पाडू नकोस."

म्हणजे तीही हुंगत होती. एका घरात तीन माणसं आणि तिघंही एकमेकांवर नजर ठेवून, अशी आमची तऱ्हा झाली होती.

त्यात एक दिवस सोनाराचा काटा आला. मी मखमलीची पेटी उघडली आणि माझे हात जागच्या जागी थांबले. एक किलोच्या दोन्ही पितळी वजनांवर बोटांचे ठसे होते. दोनचार नव्हे, सगळीकडून घट्ट पकडल्यासारखे, काळपट. पेटीची किल्ली आम्हा दोघांकडेच असते. ज्या माणसाने माझी बोटं फोडली होती, तो उघड्या हाताने ही वजनं धरतो, म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर नाही. आणि डोकं ठिकाणावर नाही ते कशाने, याचं उत्तर माझ्याकडे टेबलाखाली तयार होतं. मी वजनं पुसून पेटीत ठेवली. भाऊजींना बोलायचं म्हणजे पुरावा हवा.

मग यादीवाल्या बाईंचा फोन आला. यादीचं, नातेवाइकांचं, कागदांचं सगळं त्या बघायच्या. भाऊजी अनोळखी नंबर उचलत नाहीत म्हणून त्यांनी माझा नंबर लिहून घेतला होता. त्या म्हणाल्या, "काल डॉक्टरांची बैठक झाली. त्यांचं चालणं फार घसरलंय. एवढ्या अशक्त माणसाला ऑपरेशन झेपणार नाही, तो टेबलावरच जाईल. सध्या त्यांचं नाव थांबवलंय. तीन आठवड्यांनी परत बघू."

"थांबवलंय म्हणजे?"

"म्हणजे या दिवसांत कुठून लिव्हर आलं तर त्यांना फोन जाणार नाही."

मी भाऊजींना सांगितलं. ते पांढरे पडले, आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या तोंडावर एक विचित्र समाधान आलं. "मी म्हणत नव्हतो? काढायचंच होतं मला."

माझं डोकं सणकलं. गेले तीन महिने माझी ताई मिठाशिवायचं रांधत होती, आणि हा माणूस समाधानाने मान हलवत होता. मी मनात म्हटलं, आता पकडतोच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ते पिशवी घेऊन निघाले तसा मीही दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मागे निघालो. ते दोनदा मागे वळून बघत होते, मी दोनदा भिंतीला चिकटलो. बाजाराच्या टोकाला गाड्या ठेवायची चार मजली इमारत आहे, गोल गोल चढ असलेली. दुपारी ती जवळजवळ रिकामी असते. भाऊजी आत शिरले. दारू पिणाऱ्याला याहून बरी जागा मिळणार नाही, असं म्हणत मी खांबाआड उभा राहिलो.

त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली. पुन्हा खण्ण झालं. त्यांनी हात आत घातला आणि दोन पितळी वजनं बाहेर काढली. एकेका हातात एकेक घेतलं, छाती पुढे काढली आणि चढ चढायला लागले. प्रत्येक पावलाला एक हात वर, एक हात खाली. सावकाश, पण न थांबता. दुसऱ्या मजल्यावर नाहीसे झाले, तिसऱ्यावर कठड्यापाशी डोकं दिसलं, मग चौथ्यावर. खाली उतरले, पुन्हा चढले. मी मोजल्या, सहा फेऱ्या झाल्या. मग एका खांबाला पाठ लावून ते उठाबशा काढायला लागले, ओठातल्या ओठात आकडे म्हणत.

मी बाहेर आलो तेव्हा ते दचकले नाहीत. "मागे येतोयस हे मला कोपऱ्यावरच कळलं होतं," एवढंच म्हणाले.

"भाऊजी, हे काय आहे?"

"दिसतंय ते."

"मग तिथे भिंत धरून रडतरडत का चालता?"

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मीच मूर्ख. "अरे शहाण्या, ऑपरेशन झेपायला ताकद पाहिजे हे तिचं म्हणणं मला पटलं. मी माझ्यावर तपासून बघितलं, दहा दिवसांत फरक पडला. पण ताकद आली हे त्यांना दिसलं तर माझा नंबर मागे जाणार. मग ताकद कमवायची इथे आणि दाखवायची नाही तिथे."

"आणि ही वजनं? दुकानातली लोखंडी घ्यायची होती."

"एक किलोच्या वर नाही म्हणाली होती ती. जास्त झालं तर शीर फुटते. बाजारच्या एक किलोवर माझा विश्वास नाही."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि मग इतका राग आला की मी त्यांच्या हातातली वजनं काढून घेतली आणि त्यांना तसंच ओढत दवाखान्यात नेलं. घामेजल्या सदऱ्यासकट.

व्यायामवालीने सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, हे दोन वेगळे काटे आहेत. नंबर लागतो तो रक्तावर. तुम्ही कितीही चाललात तरी त्यातला एक गुण कमी होत नाही. चालणं मी बघते ते वेगळ्यासाठी. लिव्हर आलं तर तुम्ही टेबलावरून जिवंत उठाल का, एवढंच बघायला. तुम्ही दोन्ही एकाच काट्यावर ठेवलंत."

बावीस वर्षांत कोणी भाऊजींना काट्यातलं कळत नाही असं म्हणालं नव्हतं. ते उठून व्हरांड्यातल्या शंकूपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आत्ता घे परीक्षा. आत्ता चालतो."

"नाही," ती म्हणाली. "आज तुम्ही चालाल. पण मागचं खोटं होतं की आजचं, मी कसं ठरवू? बैठकीत मला उत्तर द्यावं लागतं. तीन आठवडे यंत्र हाताला बांधा, रोजची पावलं मला दाखवा. मग चालू."

म्हणजे आता संशय घ्यायची पाळी तिची होती आणि भाऊजींकडे शिक्का नव्हता. यंत्र खिळ्यावरून उतरलं. रोज संध्याकाळी भाऊजी आकडा लिहायचे आणि शंभराला चार या हिशेबाने वरची पावलं स्वतःच वजा करायचे. मी म्हटलं, तुमचं नुकसान करून घेताय. ते म्हणाले, खोटी पावलं नकोत मला आता. ते भर रस्त्याने चालायचे, सगळ्यांना दिसतील असे. ताई त्यांच्याबरोबर जायला लागली. तिचा दम आधी जायचा आणि त्यांना थांबावं लागायचं, त्याचा त्यांना फार आनंद होता. फोन मात्र त्या दिवसांत ते सारखा काढून बघायचे, आपल्याला तो येणार नाही हे माहीत असून.

तीन आठवड्यांनी आम्ही गेलो. चारशे दहा मीटर. व्यायामवालीने अर्ध्या तासाने पुन्हा चालायला लावलं आणि घड्याळ दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं. तीनशे अठ्ठ्याण्णव. पाच वेळा खुर्चीवरून उठताना ते एकदाही डगमगले नाहीत. तिने कागदावर सही केली आणि पहिल्यांदाच हसली. भाऊजींचं नाव त्याच दुपारी पुन्हा यादीत चालू झालं.

बाहेर बाकावर मास्तरीणबाईंची जागा रिकामी होती. भाऊजींनी शेजारच्या माणसाला विचारलं.

"त्यांचं झालं की. बारा दिवस झाले. वरच्या मजल्यावर आहेत, चालायलाही लागल्या."

तोच रक्तगट, तीच अंगकाठी, बावीस गुण. भाऊजींनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि बोटं मिटून घेतली. मला कागद न्यायचे होते म्हणून मी एकटाच यादीवाल्या बाईंच्या खोलीत गेलो. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"बाई, बारा दिवसांपूर्वी जे लिव्हर आलं, ते भाऊजींचं नाव चालू असतं तर कोणाला गेलं असतं?"

त्यांनी कागदांचे कोपरे जुळवले. पुन्हा जुळवले. "कोणाचं काय, ते आम्ही सांगत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता नाव चालू आहे. त्यांना फोन उचलायला सांगा."

मी बाहेर व्हरांड्यात थोडा वेळ उभा राहिलो. पुन्हा लिव्हर कधी येईल, येईल की नाही, आणि तोवर भाऊजींचं हे पोट, हे डोळे किती दिवस काढतील, कोणाला माहीत. मला कोणावर चिडावं ते कळेना. मास्तरीणबाईंवर तर चिडता येत नव्हतं.

भाऊजी जिन्यापाशी उभे होते. "विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"ते तुम्हाला जुळणारं नव्हतंच म्हणाली. आकार वेगळा होता. नाव चालू असतं तरी तुम्हाला फोन आला नसता."

"असं म्हणाली?"

"हो. असंच."

ते माझ्याकडे बघत राहिले, काट्याची सुई थांबेपर्यंत बघतात तसे. मी नजर खाली घातली नाही. बावीस वर्षांत त्यांच्यापुढे इतकं धडधडीत खोटं मी कधी बोललो नव्हतो.

"बरं," ते शेवटी म्हणाले. त्यांनी कठडा धरला, आणि या वेळी ते नाटक नव्हतं. "घरी गेल्यावर तुझ्या ताईलाही हेच सांग. अगदी असंच सांग, आणि तिच्याकडे बघून सांग."